सही फेब्रुवारीत, नकार ऑगस्टमध्ये

कोलंबियाकर
काल इथे एकाने लिहिलं, की 2007 साली साउथ कॅरोलिना विद्यापीठाने (अमेरिकन) फुटबॉलचे कोच स्टीव्ह स्परियर यांनी निवडलेल्या दोन पोरांना ऍडमिशन नाकारून 'शिक्षणाची अब्रू राखली', आणि फुटबॉल कोचांना असंच सरळ करायला हवं. त्यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मला ते वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी तेव्हाही याच गावात, विद्यापीठाच्या कोलंबियात, राहत होतो. त्या दोघांनी एनसीएएची (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) पात्रता पूर्ण केली होती. कोचने शब्द दिला होता, स्कॉलरशिप ठरली होती. विद्यापीठाच्या ऍडमिशन समितीचं 'नाही' आलं ते सीझन तोंडावर आल्यावर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्परियर पत्रकारांसमोर उघड म्हणाले, की असंच चालणार असेल तर मला दुसरीकडे जावं लागेल. लोकांना तो माज वाटला. मला तो शब्द मोडल्याचा संताप वाटला, आणि आजही वाटतो.

अभ्यासाशी वाकडं असलेला हा माणूस नव्हे. याच स्परियरने 1989 साली ड्यूकसारख्या अभ्यासात कडक कॉलेजला कॉन्फरन्सचं (कॉलेजांच्या गटातल्या स्पर्धेचं) विजेतेपद (विभागून का होईना) मिळवून दिलं होतं.

आमच्या शेजारच्या पोराचंही असंच झालं, कॉलेज दुसरं. फेब्रुवारीत कॉलेजकडून खेळायच्या करारावर सही केली, त्या रविवारी चर्चमध्ये केक कापला. आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची. तिने होस्टेलसाठी नव्या चादरी, टॉवेल, छोटा फ्रिज घेऊन ठेवला. जुलैच्या शेवटी फोन आला, की ऍडमिशन नाही. तोवर बाकी सगळ्या कॉलेजांच्या जागा भरलेल्या. फ्रिज दुकानात परत करायला मी गाडी काढली होती. वाटेत ती बाई एक शब्द बोलली नाही.

नाकारायचं तर नाकारा, पण सहीच्या आधी नाकारा. माझं एवढंच म्हणणं आहे.

गणितमास्तर
फ्रिजची गोष्ट वाचून वाईट वाटलं. पण 'पात्रता पूर्ण केली' हे तुम्ही फार सहज लिहून गेलात. तेव्हाच्या सरकत्या तक्त्यात (शाळेतले मार्क जास्त तर परीक्षेत कमी चालतील असा हिशेब) जीपीए, म्हणजे शाळेच्या मार्कांची सरासरी, 3.55 असला तर एसएटी या प्रवेशपरीक्षेत गणित आणि वाचन मिळून 400 चालायचे. 400 हा त्या दोन भागांचा मिळून सगळ्यात कमी स्कोअर! त्याच्या खाली मार्क पडतच नव्हते. एनसीएए सांगते तो खेळायचा परवाना आहे. वर्गात बसवायचं की नाही हे विद्यापीठानेच ठरवायचं.

मी पीएचडी करताना दक्षिणेतल्या एका विद्यापीठात पायाभूत गणित शिकवायचो. फुटबॉलचा एक पोरगा होता, दारातून वाकून यायचा. त्याला तीन-अष्टमांश मोठे की एक-द्वितीयांश, हे सांगता यायचं नाही. मेहनत करायचा, खोटं नाही सांगत. पण पहाटे वेट ट्रेनिंग, दुपारी सराव, रात्री व्हिडिओ, मग माझ्या तासाला डोळे कसे उघडे राहणार? सेमिस्टरच्या शेवटी ऍथलेटिक विभागातून फोन: 'सर, याला सी लागतो.' मी डी दिला. पुढच्या वर्षी माझ्याकडे तो वर्ग आला नाही.

जॅन केम्प ही शिक्षिका आठवा. जॉर्जिया विद्यापीठात पायाभूत इंग्रजीत नापास असलेल्या नऊ खेळाडूंना 1982 च्या शुगर बोल या फुटबॉल सामन्यासाठी पास केलं. ही बाई बोलली, तर नोकरी गेली. 1986 मध्ये ज्युरीने तिला पंचवीस लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनली तर ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षं खेळला, आणि 1989 साली सिनेटच्या समितीपुढे रडत म्हणाला की मला वाचता येत नव्हतं. त्याला दार उघडून कुणी कोणता उपकार केला?

अटलांटाचा वऱ्हाडी
मास्तर, 1989 काढलंच आहे तर अर्धंच का सांगता? त्याच जानेवारीत जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन सामना सुरू व्हायच्या आधी कोर्टवरून निघून गेले. एनसीएएच्या प्रपोझिशन 42 च्या विरोधात. पात्रतेत कमी पडलेल्या पोरांची पहिल्या वर्षाची स्कॉलरशिपच बंद करणारा नियम होता तो. त्यांचा मुद्दा साधा होता: परीक्षेची ही चाळणी गरीब काळ्या पोरांनाच बाहेर टाकते. पुढच्याच वर्षी तो नियम सैल करावा लागला. आता 2023 पासून एनसीएएने एसएटीची अटच काढली आहे.

न्यू जर्सीची आई
तुम्ही सगळे फुटबॉलच्या गरीब पोरांवर का घसरताय? खरी घुसखोरी वरच्या मजल्यावर आहे. हार्वर्डच्या ऍडमिशनवरच्या खटल्यात आकडे बाहेर आले, कोचने निवडलेल्या खेळाडूंना ऍडमिशन मिळायचं प्रमाण सुमारे 86 टक्के! त्यातले किती जण फुटबॉलवाले? तिथे 42 संघ आहेत. होड्या वल्हवणं, स्क्वॉश, तलवारबाजी. माझ्या मुलीला शाळेच्या चार वर्षांत एकही बी ग्रेड नाही, सगळे ए, उन्हाळाभर लॅबमध्ये काम, तरी सगळीकडून नकार. तिच्याच वर्गातला स्क्वॉश खेळणारा मुलगा ऍडमिशन पक्कं म्हणून ऑक्टोबरमध्येच निवांत होता. माझी पोर दोन महिने जेवताना मान वर करत नव्हती. आणि 2019 च्या ऍडमिशन घोटाळ्यात काय निघालं? कोच पैसे घेऊन, कधी होडीत न बसलेल्या पोरांना खेळाडू म्हणून आत सोडत होते.

बॉस्टनचा बाबा
ताई, माझा मुलगा तलवारबाजी करतो. नऊ वर्षं. शनिवारी पहाटे साडेचारला उठून मी त्याला न्यूयॉर्कला नेतो. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याला 'घुसखोर' म्हणू नका. घोटाळेबाजांच्या पंगतीत आम्हाला बसवायचा तुम्हाला काय अधिकार?

न्यू जर्सीची आई
मुलाला नाही म्हटलं, व्यवस्थेला म्हटलं. पण एक सांगा, खेळाची आवड आधी लागली की ऍडमिशनसाठी कन्सल्टंट आधी नेमला? आपल्या ओळखीतल्या किती घरांत सातव्या वर्षी पोराच्या हातात तलवार दिली जाते ती कॉलेज डोळ्यांसमोर ठेवून! वर्षाला जो खर्च होतो तो त्या कॅन्टीनमधल्या बाईला झेपेल का?

बॉस्टनचा बाबा
खर्च माझ्या घामाचा आहे. तुम्ही लॅबमधलं काम कुणाच्या ओळखीने मिळवलंत ते मी विचारलं का?

न्यू जर्सीची आई
माझ्या मुलीने सोळा प्राध्यापकांना स्वतः ईमेल लिहिले होते. सोळा. एकाने उत्तर दिलं. ओळखीचा आरोप मागे घ्या.

बॉस्टनचा बाबा
तो मागे घेतो. सोळा ईमेल लिहिणाऱ्या मुलीबद्दल तसं बोलायला नको होतं. पण माझ्या मुलाचा घामही खरा आहे, हे तुम्हीही म्हणा.

अटलांटाचा वऱ्हाडी
दोघांनी जरा दमानं घ्या. 2007 मध्येच जिम हार्बॉ स्टॅनफर्डचा कोच असताना, तो स्वतः जिथे शिकला त्या मिशिगनबद्दल काय बोलला होता? काठावरच्या पोरांना आत घेतात आणि मग सोप्या विषयांकडे वळवतात. मिशिगनवाले खवळले होते. पुढे तोच तिथे कोच झाला ते सोडा, पण बोलला ते अनेकांच्या मनातलं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपल हिलमध्ये, तर 18 वर्षं कागदी कोर्स चालले. तास नाही, शिक्षक नाही, 3,100 विद्यार्थी, त्यातले जवळपास निम्मे खेळाडू. आणि 2017 मध्ये एनसीएएने शिक्षा न करता हात वर केले. का, तर ते कोर्स इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते!

गणितमास्तर
मग मी वेगळं काय म्हणतोय? दारात थांबवलं नाही, की आत हेच होतं.

कोलंबियाकर
नाही मास्तर. चॅपल हिलमध्ये फसवणूक पोरांनी केली नाही, विभागाने केली. तुम्ही शिक्षा मात्र पोराला देताय. तुमच्या त्या वाकून येणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं?

गणितमास्तर
दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गेला. मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं. पण माझ्या डी मुळे त्याचं वाटोळं झालं असं सुचवत असाल तर ते मी ऐकून घेणार नाही. मी ऑफिस अवर्सला त्याच्यासाठी एकेक तास जास्त बसलोय.

कोलंबियाकर
तुमच्या शिकवण्यावर बोट नाही ठेवत. मी विचारतोय की त्याला घेताना दुपारचा सराव कमी करून शिकवणीची सोय लावणं कुणाचं काम होतं? स्टॅनफर्डमध्ये ऍडमिशन ऑफिसचा होकार आल्याशिवाय खेळाडूला सही करता येत नाही. तिथला कोचही चरफडतो, पण पोराला जुलैत फोन येत नाही. साउथ कॅरोलिनानेही त्या गोंधळानंतर पद्धत बदलायचं कबूल केलं. स्परियर 2015 पर्यंत इथेच राहिले आणि 2011 पासून सलग तीन वर्षं अकरा-अकरा सामने जिंकले. म्हणजे वेळेवर सांगणं अशक्य नव्हतंच.

गणितमास्तर
तारखेचं मान्य. सहीच्या आधी सांगावं, यावर माझं दुमत नाही. पण 400 ला मी आजही नाहीच म्हणणार, आणि ते डिसेंबरमध्ये म्हणणार.

कोलंबियाकर
डिसेंबरमध्ये म्हणा. तेव्हा त्या बाईने फ्रिज घेतलेला नसतो.

न्यू जर्सीची आई
बॉस्टनचे बाबा, घाम खरा आहे, म्हणते. ऑपरेशन कोणत्या गुडघ्याचं झालं? माझ्या धाकट्याचा उजवा गेलाय, फिजिओ कोण चांगलं आहे ते सांगा.