वापरलेली अ‍ॅल्युमिनियमची बोट: तळाला तडे, वेल्ड करू की सोडून देऊ?

लाटाळ:
नमस्कार मंडळी. मेलबर्नला पोर्ट फिलिप उपसागरात मासे धरायला वापरलेली बोट घेतली आहे, इथे जिला 'टिनी' म्हणतात तशी. 4.3 मीटर लांब, 1998 ची, दाबून आकार दिलेल्या पत्र्याची. सांधे वेल्डचे, रिवेट नाहीत. तळ 2 मिमी, बाजू 1.6 मिमी. मूळ मोटर 30 अश्वशक्तीची टू-स्ट्रोक होती, आधीच्या मालकाने 40 ची फोर-स्ट्रोक चढवली.

दोन तासांत तळात चार-पाच लिटर पाणी साचतं. फळ्या काढून पाहिलं तर ट्रान्समच्या (मोटर बसते ती मागची भिंत) साधारण 40 सेंमी पुढे, बरगडीच्या (तळाला बळकटी देणारी आतली पट्टी) वेल्डला चिकटून 60 मिमीचा आडवा तडा आहे. ट्रान्समच्या ब्रॅकेटच्या टोकाशी केसासारखी काळी रेघ आहे, ती ओरखडा की तडा ते कळत नाही. आणि कण्याशेजारी कोणीतरी तळहाताएवढी करडी पुटी थापून ठेवलीय.

तडे एवढेच आहेत हे कसं ठरवायचं? इपॉक्सीवर भागेल का? वेल्डरकडे नेली तर नेमकं काय सांगायचं?

नाखवा:
आपल्याकडे कोकणात फायबरच्या होड्यांना मॅट आणि रेझिनचे तीन थर देतात, वर्षानुवर्षं टिकतात. इथे तेच केलं तर? वेल्डिंगच्या भानगडीत कशाला पडायचं?

आर्गॉन:
नाखवा, फायबरवर फायबर धरतं, अ‍ॅल्युमिनियमवर नाही. साधं पॉलिएस्टर रेझिन या धातूला नीट चिकटतच नाही. कड सुटते, खारं पाणी आत शिरतं, आणि हवा न लागणाऱ्या त्या फटीत पत्रा खात सुटतं. वरून सगळं गुळगुळीत, आत चाळणी. लाटाळ, त्या पुटीखाली हेच चाललं असण्याची शक्यता मोठी आहे. ती आधी खरवडा.

इपॉक्सीचं थोडं वेगळं आहे. न हलणाऱ्या जागी, म्हणजे खड्डा किंवा सैल सांधा असेल तिथे, लवचिक इपॉक्सी चालतं. पत्रा घासायचा, लगेच इपॉक्सी लावायचं आणि ओल्या इपॉक्सीतूनच पुन्हा घासायचं, म्हणजे ऑक्साइडचा नवा थर मध्ये यायच्या आत ते धरतं. पण तुमचा तडा बरगडीला लागून आहे. तो प्रत्येक लाटेला उघडतो आणि मिटतो, त्यामुळे इपॉक्सी तिथे एक हंगामसुद्धा काढेल असं वाटत नाही. शिवाय एकदा ते तड्यात मुरलं की पुढे वेल्ड करताना जळून काजळी होते आणि सांध्यात बुडबुडे राहतात. वेल्ड करायचंच असेल तर आधी काहीही भरू नका. गॅसच्या शेगडीवर वितळणाऱ्या जस्ताच्या 'दुरुस्ती कांड्या' मिळतात, त्याही नकोत. समुद्राच्या पाण्यात त्या कांडीचाच धातू आधी झिजतो.

आता तपासणी. तळात पाणी भरून गळती बाहेरून बघणं सगळ्यात सोपं, पण बोट ट्रेलरवर असताना 8-10 सेंमीच्या वर भरू नका. पाण्याचं वजन लिटरला किलो, ते पेलायला तळाखाली लाटा नसतात, मोजके रोलर असतात. बाहेरून पत्रा कोरडा पुसायचा, थेंब दिसला की मार्करने खूण करायची. पाणी तड्यातून निघून वेल्डच्या कडेने वाहत दुसरीकडे टपकतं, म्हणून सर्वात वरची ओली जागा धरायची. बंद पोकळ्या असतील तर व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावून साबणाचं पाणी फिरवा. कॉम्प्रेसर लावू नका, पत्रा फुगेल.

हे झालं आरपार गेलेल्या तड्यांचं. अजून आरपार न गेलेले शोधायला डाय पेनिट्रंट लागतं. तीन फवारे येतात: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर. रंग पूर्ण काढा. पण ग्राइंडरने नव्हे, रंग काढायच्या रसायनाने. मऊ अ‍ॅल्युमिनियम घासलं तर तड्याच्या तोंडावर लोळतं आणि तोंडच बुजतं. डाय मारून 15-20 मिनिटं थांबा. मग क्लीनर कापडावर घेऊन पुसा, थेट पत्र्यावर मारलात तर तड्यातला डायही धुऊन जाईल. डेव्हलपरचा पातळ थर द्या आणि दहा मिनिटं वाट बघा. ओरखडा असेल तर फिकट डाग येईल, तडा असेल तर बारीक लाल रेघ वर येऊन रुंदावत जाईल.

ब्रॅकेटपाशी जी काळी रेघ म्हणताय ती मला तडाच वाटते. दोन पृष्ठं एकमेकांवर घासली की अ‍ॅल्युमिनियमची भुकटी काळी पडते. पांढरी भुकटी दिसली तर ते गंजणं.

डाय कुठे मारायचा? बरगड्यांची सगळी टोकं, तुटक वेल्डच्या प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं, ट्रान्समच्या ब्रॅकेटची टोकं, आणि ट्रेलरचा रोलर जिथे टेकतो ती जागा. पत्र्याच्या मोकळ्या मध्यभागी तडा क्वचितच सुरू होतो. जिथे कडक भाग एकदम संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, तिथे होतो.

रोलरवाला:
आर्गॉन वेल्डचं सांगतीलच. मी विचारतो की तडा पडला का? ते न शोधता वेल्ड केलंत तर त्याच वेल्डच्या दोन सेंमी पलीकडे नवा तडा येईल, आणि दोष वेल्डरला लागेल.

तुमच्या बोटीत दोन संशयित आहेत. एक मोटर. 30 ची टू-स्ट्रोक आणि 40 ची फोर-स्ट्रोक यांच्या वजनात सहज 30-40 किलोचा फरक पडतो, आणि तो थेट ट्रान्समच्या मागे लटकतो. नव्या बोटींवर बिल्डर्स प्लेट (कमाल मर्यादा लिहिलेली पाटी) असते, तुमची 1998 ची असल्याने ती नसणार. त्या मॉडेलचा जुना कॅटलॉग शोधून कमाल अश्वशक्ती बघा.

दुसरा संशयित ट्रेलर, आणि माझी पैज त्याच्यावर. शेवटचा रोलर ट्रान्समच्या बरोबर खाली आहे का? बोट त्याच्या मागे 30-40 सेंमी लोंबकळत असेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मोटरीचं सगळं वजन तळाला त्या रोलरवर वाकवतं. तुमचा तडा ट्रान्समपासून 40 सेंमीवर आहे म्हणता, तर टेप घेऊन जा आणि रोलर मोजा. शक्यता ही की बोट पाण्यात नाही, रस्त्यावर फुटली.

वजन कण्यावर, म्हणजे मधल्या रोलरवर यायला हवं. बाजूच्या पट्ट्या तोल सांभाळायला असतात. त्या वर चढवून कणा अधांतरी ठेवलेला असेल तर सगळा भार पातळ पत्र्यावर येतो.

लाटाळ:
मोजलं. रोलर ट्रान्समपासून 37 सेंमी पुढे! डायही मारला. 60 मिमी वाटलेला तडा 95 मिमीचा निघाला. ब्रॅकेटची रेघ तडाच आहे, 25 मिमी. शेजारच्या दोन बरगड्यांच्या टोकांना प्रत्येकी 10-12 मिमीच्या रेघा आल्या. पुटी खरवडली तर खाली पांढरी भुकटी आणि खड्डे. जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक मीटर भाड्याने आणलं, इतरत्र 1.9, खड्ड्यात 1.2. फळीखालचा फोम ओलाकच्च आहे.

आर्गॉन:
मग हा वेल्डरचा निरोप तुमच्यासाठी लिहून देतो.

आधी सामान बाहेर. इंधनाची टाकी उतरवायची, नुसती रिकामी करून चालत नाही, वाफ राहते. बॅटरी आणि मोटरीच्या संगणकाची जोडणी काढायची. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी, मोटरीवर किंवा ट्रेलरवर कधीच नाही. फोम पूर्ण काढा. ओला असल्याने तसाही तो टाकायचाच आहे, आणि आच लागली तर त्याचा धूर विषारी असतो.

सफाईला अ‍ॅसिटोन. ते उडून जाऊ द्या, मग फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेस ब्रश. हा क्रम उलटा केला तर ब्रश ग्रीस पत्र्यात दाबतो. ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीनवाला निघाला तर वेल्डच्या ठिणगीत त्याचा फॉस्जीन होतो, आणि तो माणूस मारतो.

95 मिमीच्या तड्याला नुसता वेल्ड मला पुरेसा वाटत नाही. तो बरगडीच्या वेल्डच्या काठाने धावलाय, म्हणजे ती पूर्ण पट्टी थकलेली आहे. तो तुकडा कापून नवा बसवा: 5052-एच32 (मॅग्नेशियम मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम), 2 मिमी, कोपरे किमान 40 मिमी त्रिज्येने गोल. कापाची रेघ बरगडीला लागून नको. दोन बरगड्यांमध्ये पत्र्यावर वाकण्याचा ताण सर्वात जास्त बरगडीपाशी, त्याच्या साधारण निम्मा मध्यावर आणि सर्वात कमी पाव अंतरावर येतो. बरगड्या 400 मिमीवर असतील तर काप 100 मिमीवर घ्या. ब्रॅकेटचा 25 मिमीचा तडा आणि टोकांच्या बारीक रेघा मात्र वेल्डने भागतील. टोकाला 3 मिमीचं भोक पाडायचं, पण दिसतो त्याच्या 3-4 मिमी पुढे, कारण खरं टोक डोळ्याला दिसत नाही. भोक पाडल्यावर पुन्हा डाय मारून खात्री करा. मग कार्बाइड बरने तडा मोकळा करा, ग्राइंडिंगच्या चकतीने नव्हे. तिचे कण मऊ धातूत रुततात.

एसी टीग (टंगस्टनच्या टोकाने करायचं वेल्डिंग), भरावाला 5356 कांडी, शुद्ध आर्गॉन वायू. 2 मिमीला साधारण 80 अँपिअरपासून सुरुवात. 4043 वितळायला गोड, म्हणून काही जण तीच उचलतात. मॅग्नेशियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ती सांधा ठिसूळ करू शकते, आणि या तळासाठी तर स्पष्ट नको म्हणा. तुकडा आधी 40 मिमीवर टाके देऊन धरायचा, मग 50-50 मिमीचे छोटे वेल्ड, उलट्या क्रमाने, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलात तर पत्रा कढईसारखा होईल. वेल्डचं शेवटचं टोक तड्याच्या टोकावर संपवू नका, चांगल्या धातूत 20-25 मिमी पुढे न्या आणि खळगा भरूनच ठिणगी तोडा.

उघड्यावर वारा असेल तर काम थांबवा. आर्गॉन उडाला की सांधा काळा आणि भोकाभोकांचा होतो.

घट्टपकड:
कापाकापी कशाला? आतून 3 मिमीची पट्टी तड्यावर वेल्ड करा, भोक पाडा, झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

आर्गॉन:
अर्ध्या दिवसाचं खरं. पण 2 मिमीच्या पत्र्यावर 3 मिमीची पट्टी म्हणजे कडक भाग आणखी कडक केला, आणि तो एकदम संपण्याची जागा पट्टीच्या कडेला सरकवली. तडा तिथे येईल. त्यात पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये फट राहिली तर पाणी अडकतं, ती वेगळी डोकेदुखी. भोकाचंही तसंच. ते तड्याला थोपवतं, संपवत नाही. अ‍ॅल्युमिनियमला पोलादासारखी 'इतक्या ताणाखाली कधीच थकत नाही' अशी मर्यादा नसते, हलतंय तोवर थकणं चालूच.

पट्टी द्यायचीच असेल तर बरगडीचं टोक पुढच्या आडव्या फ्रेमपर्यंत न्या, आणि ते शक्य नसेल तर 60-80 मिमी लांबीत उतरतं करून शून्यावर आणा. बरगडीचे तुटक वेल्ड जोडून सलग करू नका. वेल्डच्या आचेने शेजारचा 2-3 सेंमी पत्रा मऊ पडतो, सलग केलं की ती मऊ पट्टी संपूर्ण बरगडीभर होते. तुटक तुकड्यांची टोकं वळवून बंद केलीत तर बरं.

रोलरवाला:
1.2 मिमीच्या जागेबद्दल: तीही कापून काढा, 2 मिमीतले 0.8 गेलेत. शेजारी आणखी चार-पाच ठिकाणी 1.4 च्या खाली आकडे आले तर माझं मत सोडून द्या, सुटे भाग विकून टाका. तळभर खड्डे आणि बरगड्यांच्या रांगेत तडे एकत्र असतील तर एक शिवाल, दुसरा उसवेल. तुमच्या आकड्यांवरून ती वेळ आलेली दिसत नाही.

दुरुस्तीनंतर रोलर ट्रान्समखाली सरकवा, मोटरीला आधाराची दांडी लावा, मागचे पट्टे घट्ट बांधा.

नाखवा:
फायबरचं मत मागे घेतो! पुटीखाली खड्डे नेमके तिथेच का पडले असावेत?

आर्गॉन:
बहुधा ओल्या फोमने पाणी धरून ठेवलं. पण फळ्याही बघा. तांब्याचं औषध दिलेलं लाकूड किंवा प्लायवूड थेट अ‍ॅल्युमिनियमवर टेकलं असेल तर तांबं पत्रा खातं. मध्ये प्लास्टिकची पट्टी घाला, स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर. तळात पडलेले शिशाचे वजनगोळे, नाणी, तांब्याच्या तारेचे तुकडे वेचून काढा, एकेका नाण्याखाली एकेक खड्डा सापडतो. बोट ट्रेलरवरच राहत असेल तर तळाला शेवाळरोधक रंग लागतच नाही, आणि कोणी तांब्याचा सुचवलाच तर घेऊ नका.

वेल्ड झाल्यावर आधी पुन्हा डाय, मग पाणी भरून चाचणी. फळ्या लगेच ठोकू नका. दहा-बारा तास चालवून त्याच बरगड्यांच्या टोकांना परत डाय मारा, रेघ नाही आली तर फोमचे बंद पेशींचे ठोकळे टाका. आधीचा ओतलेला होता ना? तो पुन्हा ओतू नका, सुटे ठोकळे ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहत राहील आणि पुढच्या वेळी तळ बघायला खरवडावं लागणार नाही.