‘पाहुणा’ म्हटलं की हक्क संपतो का?

धागाकर्ता
एप्रिल २०११ मध्ये सीरियातली पहिली माणसं तुर्कस्तानात शिरली. सरकारने त्यांना निर्वासित म्हटलं नाही. ‘मिसाफिर’ म्हटलं, म्हणजे पाहुणे. पुढे तुर्कस्तानचे नेते एर्दोआन यांनी पैगंबरांच्या काळी मक्केहून आलेले मुहाजिर आणि त्यांना आसरा देणारे मदिनेचे अन्सार यांचा दाखला वारंवार दिला. ऐकायला छान वाटतं. पण पाहुण्याला जे मिळतं ते यजमानाच्या मर्जीने. पाहुणा कामाचा परवाना कुठे मागतो? तो नियम यायला जानेवारी २०१६ उजाडला. तोवर माणसं शिवणकामाच्या कारखान्यांत चोरून, कमी मजुरीवर राबली. मदतीचं धोरण पाहुणचारावर उभं करू नये, एवढंच माझं म्हणणं.

प्रतिसाद १
साफ असहमत. १९५१ च्या निर्वासित करारात तुर्कस्तानने अट घालून ठेवली आहे: युरोपातून आलेला तोच निर्वासित. नुसत्या त्या करारावर विसंबले असते तर सीरियनांच्या हाती काय लागलं असतं? ३६ लाखांवर लोक सामावले ते ‘पाहुणा’ या शब्दामुळे. किलिस घ्या. सीमेवरचं छोटं शहर, एका टप्प्यावर स्थानिकांइतकेच सीरियन. केंद्राकडून पालिकेला पैसा मिळतो तो नोंदलेल्या नागरिकांच्या हिशोबाने. तरी दुप्पट माणसांचं पाणी आणि कचरा तिथल्या कर्मचाऱ्यांनी ओढला. कोणत्या कलमाखाली?

धागाकर्ता
कलम आहे की! २००५ च्या पालिका कायद्याचं कलम १३ म्हणतं, जो ज्या गावात राहतो तो तिथला ‘हेमशेरी’, म्हणजे आपला गाववाला. पण लगेच कलम १४ मध्ये सेवा ‘नागरिकांना’ द्यायच्या आहेत. ज्या महापौराला द्यायचं त्याने १३ धरावं, नाही त्याने १४. तुर्कस्तानातल्याच ‘बोलू’ शहरात २०१९ मध्ये नव्या महापौरांनी सीरियनांना मिळणारी पालिकेची मदत बंद केली. २०२१ मध्ये परदेशी लोकांचं पाण्याचं बिल दहापट करायचा प्रस्ताव आणला. तिथे अन्सार कुठे गेले?

प्रतिसाद २
पण ‘हेमशेरी’ हा शब्दही संस्कृतीतूनच आलाय ना? परगावी एका गावची माणसं एकमेकांना धरून राहतात, तीच भावना. म्हणजे संस्कृती विरुद्ध कायदा असा हा वादच नाही. प्रश्न आहे कोणता शब्द कायद्यात उतरवायचा. गाववाल्याला ‘परत कधी जाणार?’ असं कोणी विचारत नाही.

प्रतिसाद १
हे पटतं. तरी हेमशेरी कागदावर २००५ पासून होता आणि २०११ मध्ये लोकांच्या तोंडी आला तो पाहुणाच. दार त्याने उघडलं, हे मी सोडणार नाही.

धागाकर्ता
दार उघडलं, मान्य. पण त्या दारातून आलेल्यांची मुलं आता तिथल्याच शाळेत, तुर्की बोलत वाढली. त्यांना अजून पाहुणे म्हणायचं?