मदत हवी आहे: बाबांना किडनीचा त्रास, ओट्स द्यावेत का?

फोंडेकरीण: किडनीच्या रक्ततपासणीत बाबांचं क्रिएटिनिन २.८ आलंय, म्हणजे वाढलेलं. शुगर आहे म्हणून सकाळी ओट्स सुरू केले. आता काकी म्हणते, त्यात फॉस्फरस असतो, बंद कर. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात. चालतं की नाही एवढंच सांगा, भाषण नको.

बार्देशकर: एवढ्यावर कसं सांगणार? पोटॅशियम किती? डायलिसिस चालू आहे? ओट्स साधे की मसाल्याचं पाकीट?

केपेंकार: ओट्स हवेत कशाला! नाचणीचं तिजण द्या. आमचे आजोबा नव्वदीपर्यंत तेच खात होते.

बार्देशकर: आजोबांची किडनी बिघडलेली होती का? नाचणीतही पोटॅशियम १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ओट्सइतकंच. त्यापेक्षा उकड्या तांदळाची पेज बरी.

केपेंकार: शुगरवाल्याला पेज? आणि सोबत मिठातली तोरं (कैऱ्या)? वा!

माशेलचा_बाब: आडसराचं (शहाळ्याचं) पाणी रोज द्या. किडनी धुऊन निघते.

फोंडेकरीण: अहो, भांडताय काय. डायलिसिस नाही. पोटॅशियम ५.६. ओट्स मसाल्याचेच, साधे त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. मीठ कमी सोडियमवालं आणलंय, त्यामुळे ती काळजी नाही.

आहारवाली_मडगाव: ताई, ते मीठ आजच बंद. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पोटॅशियम ५.६ म्हणजे आधीच चढलेलं, त्यात ओट्सपेक्षा त्याचीच भीती जास्त. आणि पुढच्या महिन्याची वाट बघू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करून आकडा सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम चढतं. आडसर नकोच, त्यातही तेच.
ओट्सचं म्हणाल तर ४० ग्रॅम साध्या ओट्समध्ये फॉस्फरस आणि पोटॅशियम प्रत्येकी साधारण दीडशे मिलिग्रॅम. धान्यातला फॉस्फरस अंगाला पुरता लागत नाही. पाकिटात मात्र मीठ भरपूर, काहींत फॉस्फेटही घातलेलं, आणि ते जवळजवळ सगळं शोषलं जातं. साधे ओट्स पाण्यात शिजवा, वर जिरं-कढीपत्त्याची फोडणी. किती आणि कितीदा, ते पोटॅशियम उतरल्यावर डॉक्टरांनाच विचारा.

केपेंकार: तोंडाला चव म्हणून करमलाचं (स्टारफ्रूटचं) लोणचं?

आहारवाली_मडगाव: अजिबात नाही! करमलातलं विष आजारी किडनीला बाहेर टाकता येत नाही. उचक्या लागतात, माणूस भ्रमतो, फिट येते.

फोंडेकरीण: बरं, उद्या फोन करते. मसाल्याची पाकिटं डबाभर पडलीत त्यांचं काय करू?

माशेलचा_बाब: मला द्या. उद्या फोंड्यालाच येतोय.