मत देण्यासाठी आधी वाचावे लागते

पुस्तकाची उत्सुकता वाढवणारा छोटा व्हिडिओ, म्हणजेच पुस्तकाचा ट्रेलर, दाखवला की मुले पुस्तकाऐवजी पडद्याकडेच वळतील, अशी शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. परंतु ट्रेलरनंतर मुलांना काय करायला मिळते, यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात तेथील ग्रंथालय संघटनेने १९७९ साली सुरू केलेल्या ब्लूबॉनेट पुरस्कारासाठी दरवर्षी २० पुस्तकांची यादी निघते आणि तिसरी ते सहावीच्या ज्या मुलांनी त्यांतली किमान ५ वाचली किंवा ऐकली असतील, त्यांनाच मत देता येते. वीसांतून पाच निवडताना ट्रेलर खरोखर कामाला येतो. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार महत्त्वाचाच आहे, पण त्याचा निर्णय मोठी माणसे करतात. मुलांचे मत तिथे विचारले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

एखाद्या मराठी शाळेने असे मतदान दहा पुस्तकांपासून सुरू करावे आणि ट्रेलर वरच्या वर्गातील मुलांकडूनच, कथेचा शेवट न सांगता, करवून घ्यावेत. मात्र प्रत्येक पुस्तकाच्या पुरेशा प्रती आधीच वाचनालयात असाव्यात, कारण उत्सुकता जागी झालेल्या मुलाला पुस्तक त्याच दिवशी मिळायला हवे.