नवी छोटी गाडी, पहिलं वर्ष : गोव्यातले अनुभव सांगा

म्हापसा

आमच्या गाडीला परवा वर्ष झालं. चार मीटरच्या आतली पेट्रोल हॅचबॅक, ११,४०० किमी झाले, रोज म्हापसा-पणजी आणि रविवारी पेडण्याला सासुरवाडी. घेताना सगळे मायलेज आणि सेफ्टीचे स्टार सांगत होते पण इथला पावसाळा, खारा वारा आणि वाड्यावरचे अरुंद रस्ते यात गाडी वर्षभर कशी राहते ते कोणी सांगितलं नाही, म्हणून धागा काढतोय, प्रत्येकाने आपलं सांगा.

माझं पहिलं: माडाखाली गाडी लावू नका. दोन महिने पाडेली (नारळ उतरवणारा) मिळाला नव्हता आणि जूनच्या पहिल्या वाऱ्यात नारळ थेट टपावर. विम्याचा क्लेम करणारच होतो, मेव्हण्याने थांबवलं. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर रिन्यूअलला ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट मिळते आणि ती पुढे वाढत जाते. डेंटवाल्याने ३,५०० सांगितले, खिशातून दिले. आणि थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) नव्या गाडीला ३ वर्षांची एकदमच घेतलेली असते, त्यामुळे वर्षाने भरायचा तो ओन डॅमेजचाच भाग, कोट आला की तेवढं बघून घ्या.

दिवाडी

आमच्या बेटाला पूल नाही, फेरीबोट हाच रस्ता. भरतीला काही वाटत नाही पण सुकतीला रॅम्प एवढा उतरता होतो की पहिल्याच आठवड्यात बंपरचा खालचा ओठ घासला, मला रात्रभर झोप नाही. आता घरच्यांना आधी उतरवून चालत पाठवतो, गाडी हलकी झाली की थोडी उचलते, मग पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश. बोटीत हँडब्रेक लावाच आणि गिअरमध्येही ठेवा. गाडी घेताना मी टचस्क्रीन बघत बसलो, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ जमिनीपासून किती उंच) बघितला नाही. आमच्यासारख्यांनी तोच आधी बघावा.

वाळपई

एएमटी (क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात) घेतली, बाबांना महिन्यातून एकदा बेळगावला डॉक्टरकडे न्यावं लागतं म्हणून. वाटेत चोर्ला घाटाच्या चढावर पाच माणसं आणि एसी चालू असला की गाडी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत राहते आणि मागे ट्रक असला की हात घामाने भिजतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर कळलं, वळण यायच्या आधीच मॅन्युअल मोडवर घेऊन दुसऱ्यात ठेवायची, मग बरोबर ओढते. उतरतानाही तेच, नुसत्या ब्रेकवर उतरलो तेव्हा खाली पोचेपर्यंत जळका वास येत होता, गिअरवर उतरायला लागल्यापासून नाही. जुलैत वर धुकं असतं, फॉग लॅम्प नसेल तर सकाळी आठच्या आत निघू नका. पेट्रोल इथेच भरून घ्या, कर्नाटकात महाग पडतं. बाबा आता मागच्या सीटवर झोपतात, आधी बसमध्ये उलट्या व्हायच्या त्यांना, एवढ्यासाठी तरी गाडी घेतली ते बरं केलं.

वास्को

समुद्र जवळ असणाऱ्यांसाठी. पावसात गाडी एक रात्र उभी राहिली की ब्रेक डिस्कवर लालसर गंज दिसतो. पहिल्यांदा मी घाबरून सर्व्हिस सेंटरला नेली होती. तो वरवरचा असतो, चार-पाच ब्रेक मारले की जातो. खालून मात्र आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या आतली बाजूसुद्धा. आणि पुळणीवर (समुद्राच्या वाळूत) गाडी घालू नका, मिठाचं सोडा, ते बेकायदाच आहे.

डिचोली

उंदीर!! ऑगस्टमध्ये चार दिवस गाडी हलवली नाही, पाचव्या दिवशी चेक इंजिनचा दिवा, बॉनेट उघडलं तर वायर कुरतडलेली. वॉरंटीत बसत नाही, बिल साडेसहा हजार. आता रात्री बॉनेट उघडं ठेवतो, उजेड असला की येत नाहीत असं शेजारचे काका म्हणाले, तेव्हापासून आले नाहीत. तंबाखूची पानं पण ठेवलीत.

मडकई

मी ४६ व्या वर्षी गाडी शिकले. मिस्टर आखातात, मुलगी पणजीला हॉस्टेलवर, गाडी अंगणात उभी राहायची आणि मी रिक्षाने फोंड्याला जायचे. वाड्यावर समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यावी लागते, एका बाजूला गडगा आणि दुसरीकडे गटार, म्हणून पहिले दोन महिने मी फक्त रिव्हर्स शिकले, रोज सकाळी सहाला, शेजारची आजी अंगणातून "अजून घे, अजून घे" सांगायची. आमची सीएनजी आहे आणि डिकीत टाकी. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणायला गेले तर डिकीत फक्त तवशी (मोठ्या काकड्या) बसली. सुपारीची कात्रं (घोस), नारळाचा घड, निरफणस सगळं मागच्या सीटवर, बेल्ट लावून. मामांकडे चौदा किलोमीटर एकटीने नेलं. मामांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, कोण चालवत होतं गं?

म्हापसा

वयनी, पुढच्या रविवारी मिसेसला घेऊन मडकईला येतो, तिला पण रिव्हर्सच शिकायचंय. बाकीच्यांना एकच, वर्ष झालं की पीयूसी (धूर तपासणीचं सर्टिफिकेट) काढायला विसरू नका, नव्या गाडीला पहिलं वर्षभर लागत नाही म्हणून डोक्यातून जातं. माझी कालच काढली.