प्रो बोलची निवड ही नेमकी कशाची पावती आहे?

ओहायोवासी (प्रश्न):
अमेरिकन फुटबॉल मला माझ्या मुलाने शिकवला, त्यामुळे माझे ज्ञान उसने आहे हे आधीच सांगतो. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, सामन्यांत समालोचक एखाद्या खेळाडूची ओळख ‘पाच वेळा प्रो बोलमध्ये (हंगामातील उत्तम खेळाडूंच्या मानाच्या सामन्यात) निवड’ अशी करून देतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याची जागा तिथेच ठरते. परंतु २०२२ च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सचा टायलर हंटली हाही प्रो बोलचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ठरला. संघाचा नेहमीचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन जायबंदी झाल्यामुळे त्याला चार सामने सुरुवातीपासून खेळायला मिळाले होते आणि संपूर्ण हंगामात त्याच्या नावावर दोन टचडाउन पास (गुण मिळवून देणारे) आणि तीन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) होती. हंटलीला मी दोष देत नाही. असे बोलावणे आले तर कोण नाकारील? माझा प्रश्न एवढाच की ज्या पद्धतीत हे घडते, तिच्यातील खोट चाहत्यांच्या मतांत आहे की आणखी कुठे?

आकडेमोड:
चाहत्यांवर खापर फोडणे सोपे आहे, पण हे उदाहरण त्यांच्या खात्यावर मांडता येणार नाही. १९९५ पासून चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक या तिन्ही गटांच्या मतांना प्रत्येकी एक-तृतीयांश वजन आहे. २०२२ च्या हंगामात एएफसीच्या (लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) मतांनी ठरलेल्या मूळ यादीत पॅट्रिक माहोम्स, जॉश ॲलन आणि जो बरो हे तीन क्वार्टरबॅक होते आणि त्या नावांवर कोणी आक्षेप घेतला नसता. माहोम्स सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पोहोचला, उरलेले दोघेही आले नाहीत, आणि तिन्ही जागा पर्यायी खेळाडूंनी भरल्या गेल्या; हंटली त्यांतलाच एक. पूर्वी प्रो बोल सुपर बोलनंतर होत असे. २०१० पासून तो आधीच्या आठवड्यात आणला गेला आणि अंतिम फेरीतील दोन्ही संघांचे खेळाडू आपोआप बाद होऊ लागले. म्हणजे ज्या संघांत उत्तम खेळाडू असण्याची शक्यता सर्वाधिक, तेच संघ गैरहजर.

खरी गोम पुढे आहे. ड्राफ्टच्या (संघांनी नवोदित खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूच्या करारात पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे असतो, आणि लीग व खेळाडूंच्या संघटनेतील २०२० च्या सामूहिक करारानुसार त्या वर्षाचे मानधन प्रो बोलच्या निवडींवरही अवलंबून असते. तिथे मात्र केवळ मूळ यादीतील निवड धरली जाते, पर्यायी खेळाडू म्हणून झालेली नाही. पैसे मोजायची वेळ आली की लीगला हा फरक अचूक कळतो. खेळाडूच्या परिचयात मात्र दोघांच्याही नावापुढे तेच दोन शब्द लागतात.

तिसरा_डाव:
वरील मुद्दा मान्य आहे, तरी माझ्या मते मतपत्रिकेची मांडणी हा त्याहून जुना आणि खोल दोष आहे, कारण मूळ यादीच तिच्यामुळे बिघडते. ‘आउटसाइड लाइनबॅकर’ (बचावातील कडेचा खेळाडू) या एकाच रकान्यात दोन वेगळी कामे करणारे खेळाडू कोंबलेले असतात. एकाचे काम दर डावात क्वार्टरबॅकवर चाल करून जाणे. दुसरा मागे थांबून धावणाऱ्याला अडवतो, टाइट एंडच्या (पास झेलणाऱ्या एका आक्रमकाच्या) पाठीवर राहतो आणि पास तोडतो. पहिल्याच्या कामाची मोजणी सॅकच्या (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडण्याच्या) आकड्यात होते आणि तो आकडा प्रत्येक मतदाराला पाठ असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. टॅम्पा बेचा लव्हॉन्टे डेव्हिड २०१३ मध्ये पाच इंटरसेप्शनसह असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ऑल-प्रो यादीत पहिल्या संघात होता, म्हणजे संपूर्ण लीगमध्ये आपल्या जागेवर सर्वोत्तम ठरला होता. त्याच हंगामात प्रो बोलमध्ये तो नव्हता. नंतर २०१५ च्या हंगामात त्याला तो मान मिळाला. ऑल-प्रोवाल्यांनी २०१६ पासून क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांसाठी वेगळा रकाना केला.

याच्या उलट फुलबॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मोकळी करून देणाऱ्याचे) पाहा. बऱ्याच संघांत हा खेळाडूच नसतो, तरीही त्याच्यासाठी जागा राखीव आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोचा काइल युझचेक वर्षानुवर्षे तिथे दिसतो. तो गुणी आहे यात वाद नाही, परंतु त्याची स्पर्धा कोणाशी होती हेही विचारले पाहिजे.

कोथरूडकर:
माझे मत थोडे वेगळे आहे. चाहत्याला हवी तितकी मते देता येतात, हे गैरच आहे. बेसबॉलच्या अशाच मानाच्या ऑल-स्टार सामन्यासाठी १९५७ साली सिनसिनाटीकरांनी मतपेट्या अशा भरल्या की आयुक्त फोर्ड फ्रिक यांना सिनसिनाटीचे दोन खेळाडू वगळून विली मेझ आणि हँक एरन यांना घ्यावे लागले. तुमच्याच राज्यातील गोष्ट आहे, ओहायोवासी!

तथापि उरलेली दोन-तृतीयांश मते जाणकारांची आहेत म्हणून निर्दोष आहेत, असे समजू नये. सतरा सामन्यांच्या हंगामात एका संघाची गाठ फक्त चौदा प्रतिस्पर्ध्यांशी पडते, कारण गटातील तिघांशी दोनदा खेळावे लागते. उरलेल्या सतरा संघांतील गार्ड किंवा सेंटर त्या वर्षी कसा खेळला, हे खेळाडूने कशावरून ठरवायचे? आक्रमक फळीतील या खेळाडूंचे सॅकसारखे आकडे नसतात, म्हणून गेल्या वर्षीचे नाव आठवते आणि तेच लिहिले जाते. वतनासारखी ती जागा मग सहजी सुटत नाही. शिवाय हे सारे डिसेंबरमध्ये, साखळीचे काही सामने बाकी असतानाच ठरते.

ओहायोवासी:
सिनसिनाटीचा टोमणा स्वीकारला. आपल्या उत्तरांमुळे चाहत्यांवरचा माझा संशय बराच निवळला, पण एक शंका उरते. २०२३ पासून हा सामना खरा सामनाही राहिलेला नाही. फ्लॅग फुटबॉल (खेळाडूला न पाडता त्याच्या कमरेची पट्टी ओढण्याचा प्रकार) आणि कौशल्याच्या स्पर्धा होतात. तिथे गर्दी जमवण्यापुरते पर्यायी खेळाडू लागत असतील तर बोलवावेत, पण त्यांची नोंद वेगळी ठेवण्यात लीगला कोणती अडचण आहे?

आकडेमोड:
तांत्रिक अडचण काहीच नाही, कारण करारासाठी ती नोंद ठेवावीच लागते. परिचयात ती छापली तर मात्र कित्येकांचे ‘पाच वेळा’ हे ‘तीन वेळा’ होईल, आणि तसे व्हावे असे ना खेळाडूला वाटेल, ना त्याच्या एजंटला, ना त्याच्या संघाला.