पावसातला चंपोरादो आणि सोबतचा खारा मासा

प्रश्न:
माझ्या शाळेची चार वर्षे फिलिपिन्समधल्या केझोन सिटीत गेली. जूनमध्ये हबागतचा, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, पाऊस सुरू होई आणि वादळामुळे शाळेला सुट्टी मिळाली की आमच्या घरमालकीण लोला (तिकडे आजीला लोला म्हणतात) चंपोरादो शिजवायला घेत. चॉकलेटमध्ये शिजलेला तो मऊ, काळसर भात, त्यावर सोडलेली दुधाची धार आणि बाजूच्या बशीत तळलेला तुयो, म्हणजे खारवून उन्हात वाळवलेला लहान मासा, हे सारे मला अजून जसेच्या तसे आठवते. परवा मी साधा तांदूळ आणि कोको पावडर घेऊन तो करून पाहिला, तर भात एकीकडे आणि पाणी एकीकडे राहिले. माझे काय चुकले असावे? गोडासोबत मासा खाण्याची रीत लोलांच्याच घरची होती का?

उत्तर १:
आपल्या दोन्ही वस्तू बदलल्या, म्हणून असे झाले. त्यासाठी मलाग्कित हा चिकट तांदूळच हवा, कारण शिजताना त्याचा पिष्टमय अंश पाण्यात उतरतो आणि सगळे एकजीव होते. कोको पावडरीतून कोकोचे बरेचसे लोणी काढून घेतलेले असते. तब्लेया मात्र भाजलेल्या कोकोच्या बिया वाटून थापलेली वडी असल्याने ते लोणी तिच्यात राहते आणि चवीला भरीवपणा येतो. मी एक वाटी तांदळाला सहा वाट्या पाणी घेते, मंद आचेवर तळापासून सतत ढवळते आणि दाणे फुलल्यावरच साखर घालते. आटवलेले दूध वाढताना वरून सोडावे, ते ढवळून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. चंपोरादो थांबला की घट्ट होतो. तेव्हा थोडे गरम पाणी घालावे.

उत्तर २:
ती रीत केवळ लोलांची नव्हे. फिलिपिन्समध्ये चंपोरादो आणि तुयो ही जोडी सर्वपरिचित आहे. मूळ पदार्थ मेक्सिकोचा: चंपुर्रादो हे तिथले मक्याच्या पिठाने दाट केलेले चॉकलेटचे पेय. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि मेक्सिकोतले अकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पॅनिश गलबतांची ये-जा चाले, त्या संबंधातून ते इकडे आले आणि मक्याची जागा तांदळाने घेतली. तब्लेया मुळात कडवट असते, त्यावर साखर आणि दूध पडते, आणि नुसते तेवढेच खाल्ले तर चार घासांत जीभ जडावते. तुयोचा खारट तुकडा मध्ये आला की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. माझ्या मते तुयोशिवायचा चंपोरादो अपुरा आहे.

उत्तर ३:
पावसात भिजून आलेल्याला मी आधी अरोस काल्दो देईन: भरपूर आले घालून कोंबडीसोबत शिजवलेली भाताची दाट पेज, वर तळलेला लसूण आणि कलमान्सीचा, म्हणजे तिकडच्या लहान लिंबाचा, रस. चंपोरादो दुपारच्या मेरिएंदाला, म्हणजे मधल्या खाण्याला.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. तुयोचा वास घरभर राहू नये म्हणून लोला भर पावसातही खिडकी उघडी ठेवत आणि ओटा भिजून जाई, हे उत्तरे वाचताना आठवले. आता तब्लेया आणि मलाग्कित मिळवूनच पुन्हा करीन.